अकरावीचं ऑर्गॅनिक आणि हायड्रोकार्बन: पाठांतर सोडून सुरुवात कुठून करायची?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा अकरावी सायन्सला आहे, आमच्याकडेच राहते कर्वेनगरला. दहावीला विज्ञानात छान मार्क होते, पण ऑर्गॅनिक सुरू झालं आणि पोरगी एकदम गप्पच झालीये. काल सहज तिची वही चाळली तर मिथेन इथेन प्रोपेन करत पार डेकेनपर्यंत नावं, शेजारी फॉर्म्युले, आणि मग पानंच्या पानं नुसत्या रिअ‍ॅक्शन, एकाखाली एक, कुठेही एक वाक्य नाही की हे असं का होतं. विचारलं तर म्हणे मावशी हे पाठच करायचं असतं. मी कॉमर्सवाली, मला यातलं काही सांगता येत नाही, पण असं पाठ करून हा विषय दोन वर्षं झेपेल असं वाटत नाही. इथे बरेच जण केमिस्ट्रीतले आहेत म्हणून धागा काढतेय. हायड्रोकार्बनपासून नीट समजून घ्यायचं तर काय क्रमाने जावं? घरी करून बघता येण्याजोगं काही आहे का?

पर्वती_पायथा
ताई, स्पष्ट लिहितो, राग नसावा. माझा मुलगा मागच्याच वर्षी यातून गेलाय. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. अकरावीचे जे मोजके धडे सीईटीला आहेत त्यात हायड्रोकार्बन येतोच, त्यामुळे रिअ‍ॅक्शन तोंडपाठ पाहिजेतच. समजून घेणं वगैरे छान आहे पण आधी पाठ होऊ द्या.

खडूफळा
चाफेकळीताई, मी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच शिकवली, आता निवृत्त आहे. तुम्ही वहीचं वर्णन केलंत ते वाचून राहवलं नाही, जरा मोठं लिहितोय, तिला वाचायला द्या.

नावांपासून सुरुवात करायचीच नाही. आधी कार्बन. कार्बनला चार हात आहेत, हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, आणि कुणाचाही हात मोकळा सोडायचा नाही, एवढंच धरून बसायचं. कागद घ्या, एक कार्बन काढा, चारही हातांत हायड्रोजन द्या, मिथेन झाला. दोन कार्बन एकमेकांचा एकेक हात धरून उभे केले की प्रत्येकाचे तीन उरतात, म्हणजे सहा हायड्रोजन, इथेन. त्याच दोघांनी दोन-दोन हात धरले तर चारच हायड्रोजन मावतात, तो इथीन, ज्याला बाजारात इथिलीन म्हणतात. तीन-तीन धरले तर दोनच मावतात, तो इथाइन म्हणजे आपला अ‍ॅसिटिलीन. नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे हे असे पदार्थ म्हणजेच हायड्रोकार्बन, आणि हात धरणं म्हणजे पुस्तकातला बॉन्ड. आता अल्केनचं, म्हणजे सगळे कार्बन एकेकच हात धरून असलेल्यांचं, सूत्र पाठ करायची गरज आहे का बघा. सरळ साखळीत प्रत्येक कार्बनला वर एक खाली एक असे दोन हायड्रोजन आणि दोन्ही टोकांना एकेक जास्तीचा. एन कार्बन असतील तर २एन+२, आपोआप आलं. डबल बॉन्ड आला की दोन हायड्रोजन कमी, ट्रिपल आला की चार कमी. तिच्या वहीतला अर्धा तक्ता यातच संपला.

मग आकार. मिथेन फळ्यावर आम्ही अधिकचं चिन्ह काढतो तसा काढतो आणि तिथेच पोरं फसतात, त्यांना तो सपाट वाटतो. बटाट्याचा लिंबाएवढा तुकडा कापा आणि त्यात चार टूथपिक अशा खोचा की कुठलीही काडी दुसरीपासून जास्तीत जास्त लांब राहील. आधी सगळ्या एका पातळीत खोचून बघा, मधले कोन ९० अंशाचे येतात. मग दोन वर उचला, दोन खाली दाबा, हळूहळू सरकवत चौघींमधलं अंतर सारखं करा. टेबलावर ठेवलं की तीन काड्यांवर उभा राहतो आणि चौथी सरळ वर, कुठल्याही तीन काड्यांवर ठेवा तस्साच दिसतो. तो कोन १०९.५ अंश. बॉन्डमधले इलेक्ट्रॉन एकमेकांना लांब ढकलतात म्हणून हा आकार, दुसरं काही कारण नाही.

आता तसे दोन बटाटे करा, एकाच काडीने जोडा आणि एक धरून दुसरा फिरवा. फिरतो. मग मधे दोन काड्या समांतर घालून जोडा आणि परत फिरवून बघा. नाही फिरत. डबल बॉन्ड फिरत नाही म्हणजे काय ते हाताला कळलं, आणि त्यातूनच सिस आणि ट्रान्स हे दोन वेगळे पदार्थ का असतात तेही कळलं. दोन्हीकडचे मोठे गट एकाच बाजूला असतील तर सिस, विरुद्ध बाजूंना असतील तर ट्रान्स, आणि फिरवून एकाचा दुसरा करता येत नाही. पुस्तकात हेच सिग्मा-पाय बॉन्ड म्हणून येतं, ते त्यानंतर वाचलं की सोपं जातं.

कार्बनच का, हेही तिला विचारू दे. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत त्याच्याच खाली सिलिकॉन आहे, त्यालाही चारच, पण कार्बन-कार्बन बॉन्ड तोडायला मोलमागे साधारण ३४८ किलोज्यूल लागतात आणि सिलिकॉन-सिलिकॉनला २२२ च्या आसपास. सिलिकॉनची लांब साखळी टिकत नाही, कार्बनची टिकते. दहावीच्या भाषेत मालिकाबंधन शक्ती.

अवांतर: १८२८ पर्यंत समज होता की सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात. त्या साली जर्मनीत फ्रिडरिश व्होलरने अमोनियम सायनेट तापवून युरिया मिळवला, जो तोपर्यंत लघवीतून मिळायचा. आज आपल्या थळच्या कारखान्यातून जी युरियाची गोणी येते तिची सुरुवात नैसर्गिक वायूतल्या मिथेनपासून होते. म्हणजे हा सगळा विषयच एका हायड्रोकार्बनपर्यंत येऊन पोचतो.

विद्यापीठ_रोड
+१. बटाट्याचं आजच करणार मुलाबरोबर.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत असताना काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची मॉडेलं मुलांपर्यंत पोचवली, तीही बघा. सहा काड्या आणि चार सांधे केले की चार कोपऱ्यांचा सांगाडा उभा राहतो, ते चार कोपरे म्हणजे मिथेनचे चार हायड्रोजन, कार्बन बरोब्बर मधे पोकळीत. मुलांना दोन्ही दाखवा, बटाट्यात बॉन्ड दिसतात, काड्यांच्या सांगाड्यात आकार दिसतो.

सहाकोनी
खडूफळा सरांनी पाया घातलाच आहे. मी भोसरीत एका औषध कंपनीत ऑर्गॅनिक सिंथेसिसमधेच काम करतो. मी स्वयंपाकघरापासून सुरुवात करा म्हणेन, कारण तिथे हायड्रोकार्बन रोज जळतात.

तुमच्याकडे सिलिंडर आहे का पाइपगॅस? सिलिंडरमधे प्रोपेन आणि ब्युटेन, तीन आणि चार कार्बनचे. पाइपमधे आणि रिक्षाच्या सीएनजीत मुख्यतः मिथेन, एकाच कार्बनचा. एवढ्या फरकाने काय काय बदलतं बघा. मिथेन उकळतो उणे १६१ सेल्सिअसला, प्रोपेन उणे ४२ ला, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. साखळी लांब झाली की रेणूंचा एकमेकांना स्पर्श वाढतो, ओढ वाढते, उकळायला जास्त उष्णता लागते. म्हणून ब्युटेन-प्रोपेन थोड्या दाबाखाली द्रव होतात आणि १४.२ किलो गॅस घरात मावेल एवढ्या टाकीत बसतो, सिलिंडर हलवला तर आत डचमळतं ते हेच. मिथेनचं तसं नाही, उणे ८२ च्या वर तो कितीही दाबा, द्रव होतच नाही. म्हणून सीएनजी २०० बारच्या आसपास दाबून वायू म्हणूनच ठेवावा लागतो आणि गाडीची टाकी एवढी जाड आणि जड असते.

पुढे वजन. हवेच्या रेणूचं सरासरी वजन २९ धरा. मिथेन १६, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. हा आकडेमोडीचा भाग तिला स्वतः करू द्या, कार्बन १२ आणि हायड्रोजन १. म्हणजे पाइपगॅस गळला तर वर छताकडे जातो आणि सिलिंडरचा गळला तर खाली फरशीवर, ओट्याखाली साठतो. गॅस डिटेक्टर बसवायचा असेल तर सिलिंडरवाल्यांनी जमिनीलगत, पाइपवाल्यांनी छताजवळ. गळतीचा वास आला तर आधी खिडक्या-दारं उघडायची, रेग्युलेटर बंद, आणि कुठलंही बटण ना लावायचं ना बंद करायचं. आणि वास गॅसचा नसतोच, या हायड्रोकार्बनना वास नाही, मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचा गंधकाचा पदार्थ घातलेला असतो.

ज्योतीचं पण बघायला सांगा. निळी ज्योत म्हणजे ऑक्सिजन पुरेसा, कार्बनचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड. बर्नरची भोकं बुजली की टोकं पिवळी होतात, पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. एक मिथेनला दोन ऑक्सिजन पुरतात, दोन ब्युटेनला तेरा लागतात. हे समीकरण तिला बॅलन्स करायला द्या, पाठ करायला नको.

चाफेकळी
किती छान लिहिलंय सगळ्यांनी, तिने बटाटे केलेत आणि फ्रिजवर ठेवलेत. आमच्याकडे याच वर्षी सिलिंडरवरून पाइपगॅस झाला, तेव्हा माणसाने येऊन शेगडीचं जेट बदललं, ते का?

सहाकोनी
त्याच कारणाने ताई. मिथेनच्या रेणूत जळायला एक कार्बन आणि चार हायड्रोजन, ब्युटेनमधे चार आणि दहा. तेवढ्याच घनफळात मिथेन कितीतरी कमी उष्णता देतो आणि पाइपमधे दाबही कमी असतो, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. सिलिंडरचं लहान जेट तसंच ठेवलं असतं तर ज्योत मिणमिणती आली असती. उलटं, मोठ्या जेटच्या शेगडीला कुणी सिलिंडर जोडला तर ज्योत पिवळी, मोठी आणि धोक्याची होते, ते कधीही करू नये.

हडपसर_मेडिकल
ज्योतीवरून आठवलं म्हणून, विषय थोडा बाजूला जातोय पण महत्त्वाचा आहे. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर कृपा करून बाहेर काढून घ्या. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की हायड्रोकार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, नुसती चक्कर येते आणि शुद्ध जाते. थंडीत खिडकी लावून आंघोळ करणारी किती घरं आहेत आपल्याकडे. पाठ्यपुस्तकात अपूर्ण ज्वलन ही एक ओळ असते, मुलांना तिचा हा अर्थ शिकवलाच पाहिजे.

खडूफळा
हडपसर_मेडिकल, शंभर टक्के अनुमोदन.

आंबेवाला_गुलटेकडी
आम्ही मार्केट यार्डातले, केमिस्ट्री शाळेत सोडली पण इथिलीन रोज वापरतो म्हणून लिहितो. पूर्वी पेंढ्यात आंबा घालून अढी लावायचे, अजून घरी लावतात लोक. आता मोठा माल रायपनिंग चेंबरमधे लागतो, केळी तर हमखास. खोली बंद, थर्मामीटर, ओलावा, आणि आत इथिलीन सोडायचा, कायद्याने १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) पर्यंत परवानगी आहे. मधेमधे खोली उघडून हवा बदलावी लागते कारण फळ श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड साठला की पिकणं अडतं. फळ स्वतः पण इथिलीन सोडतं, म्हणून पेटीत एक आंबा आधी पिकला की बाकीचे भराभर पिकतात, आणि एक नासला की सगळी पेटी बघावी लागते.

कार्बाइडवर बंदी आहे आणि असायलाच पाहिजे. कागदाच्या पुडीत कार्बाइड घालून पेटीत ठेवतात, फळाच्या ओलाव्याने गॅस सुटतो, साल वरून पिवळीधमक आणि आत आंबट. शिवाय ती पूड फळाला लागते. गिऱ्हाइकाने एकसारखा रंग बघून भुलू नये, देठाजवळ वास घेऊन बघावा.

खडूफळा
आंबेवाला, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत, धडाच आहे हा.

कार्बाइड म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन आणि चुना. अ‍ॅसिटिलीनची बांधणी इथिलीनच्या जवळची असल्यामुळे फळ काही प्रमाणात फसतं. आणि बाजारच्या कार्बाइडमधे आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात, खरा धोका तिथे आहे. इथिलीनचा वनस्पतींवर परिणाम होतो हे १९०१ मध्ये रशियात नेल्युबोव्हने दाखवलं, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी जो गॅस जाळायचे त्याच्या गळतीने वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढत होती, त्यातला दोषी घटक इथिलीन निघाला. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन एवढासा रेणू, आणि झाडाचं संप्रेरक!

मी वर्गात कार्बाइडचा एक प्रयोग हमखास करायचो. शंकुपात्रात कार्बाइडचे दोन-चार खडे, वर नळीतून थेंब थेंब पाणी. पाणी पडलं की खडा फसफसतो, भांडं हाताला गरम लागतं, लसणीच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. तो वास खरं तर अ‍ॅसिटिलीनचा नाही, आतल्या अशुद्धीपासून होणाऱ्या फॉस्फिनचा. तो गॅस काचेच्या नळीने ब्रोमीन पाण्यात सोडायचा. ब्रोमीन पाणी नारिंगी असतं, बुडबुडे जायला लागले की फिकट, मग पिवळट, मग पार स्वच्छ. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे यायची. दुसऱ्या नळीत गुलाबी पोटॅशियम परमँगनेट, त्याचा गुलाबी जाऊन खाली तपकिरी साका बसतो. मग तोच प्रयोग पाइपच्या मिथेनने केला तर रंग तसाच राहतो. का? मिथेनमधे चारही हात एकेकाला धरून, सगळे इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या मधे घट्ट. डबल आणि ट्रिपल बॉन्डमधे जे जास्तीचे इलेक्ट्रॉन आहेत ते वर-खाली उघड्यावर पसरलेले, ब्रोमीनला तिथे शिरकाव मिळतो, एक हात सुटतो आणि दोन्ही कार्बन एकेक ब्रोमीन पकडतात. संपृक्त आणि असंपृक्त यातला फरक एवढाच. हे घरी करायचं नाही, ब्रोमीन आणि कार्बाइड दोन्ही लॅबमधेच, सरांच्या समोर.

घरच्या उदाहरणासाठी तेल आणि वनस्पती तूप घ्या. शेंगदाणा तेलातल्या साखळ्यांत डबल बॉन्ड आहेत, सिस प्रकारचे, म्हणून साखळी वाकडी, रेणू नीट रचले जात नाहीत, तेल द्रव राहतं. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन घातला की डबल बॉन्ड भरतात, साखळ्या सरळ होतात, तूप गोठतं. अर्धवट भरताना काही बॉन्ड सिसचे ट्रान्स होतात, तेच ट्रान्स फॅट, हृदयाला वाईट. २०२२ पासून तेला-तुपात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. बटाट्यातली दोन काड्यांची जोडणी आठवली का?

फॅब्रिकेशन_चिंचवड
अ‍ॅसिटिलीनचं आमच्याकडे पण आहे. गॅस वेल्डिंगला मरून नळकांडं अ‍ॅसिटिलीनचं आणि काळं ऑक्सिजनचं. नुसता अ‍ॅसिटिलीन पेटवला तर काळ्या काजळीचे तुकडे हवेत उडतात, कपडे खराब. ऑक्सिजनचा कॉक हळूहळू उघडत नेला की ज्योत पांढरी, मग निळी टोकदार होते, ३००० अंशाच्या वर जाते, लोखंड पाणी होतं. सहाकोनीसाहेबांनी ज्योतीचं लिहिलं ते डोळ्यासमोर दिसतं आमच्या शेडमधे.

सहाकोनी
वा, नेमकं. वजनाने मिथेनमधे ७५ टक्के कार्बन, अ‍ॅसिटिलीनमधे ९२ च्या वर. कार्बनचं प्रमाण जास्त तितकी काजळी जास्त. बेन्झीनमधेही तेवढंच प्रमाण आहे आणि तोही तसाच धुरकट जळतो.

चाफेकळी
(आयडी मावशीचा, लिहितेय भाची.) नमस्कार सर, सगळं वाचलं. एक विचारायचंय. बेन्झीनचा फॉर्म्युला सहा कार्बन सहा हायड्रोजन. चार हात मोजले तर तीन डबल बॉन्ड येतात. मग त्याने ब्रोमीन पाण्याचा रंग घालवायला पाहिजे ना? पुस्तकात लिहिलंय घालवत नाही. मी पाठ केलंय पण पटत नाहीये.

सहाकोनी
हा प्रश्न पडला म्हणजे तू बरोब्बर वाटेवर आहेस. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांना हाच पडला होता. बेन्झीन फॅरेडेने १८२५ मध्येच वेगळा काढला होता, पण त्याची रचना सांगायला १८६५ उजाडलं, केकुलेने सहा कार्बनचं कडं मांडलं, एकाआड एक डबल बॉन्ड.

आता मापं बघ. साधा कार्बन-कार्बन बॉन्ड १५४ पिकोमीटर लांब, डबल १३४. बेन्झीनमधे खरंच तीन साधे तीन डबल असते तर षटकोनाच्या बाजू लांब-आखूड निघाल्या असत्या. प्रत्यक्षात सहाही बाजू सारख्या, १३९. म्हणजे डबल बॉन्ड ठरावीक जागी नाहीतच, ते सहा इलेक्ट्रॉन पूर्ण कड्यावर वर आणि खाली पसरलेले आहेत. चार हातांचा हिशोब चुकत नाही, चौथा हात एका शेजाऱ्याला न देता सगळ्या कड्यात वाटलेला आहे असं समज. या पसरण्यामुळे रेणू खूप स्थिर होतो. ब्रोमीन त्यात जोडला गेला तर ते कडं मोडेल, म्हणून तो जोडला जात नाही. लोखंडाचं ब्रोमाइड घालून जोर लावला तर एक हायड्रोजन काढून त्या जागी बसतो, कडं शाबूत राहतं. बेन्झीनच्या सगळ्या रिअ‍ॅक्शन ही एकच गोष्ट सांगतात, कडं वाचवायचं. कपाटातल्या डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थॅलीन, दोन कडी एकमेकांना जोडलेली.

आणि ही कडी म्हणजे फक्त पुस्तकातली चित्रं नाहीत. बेन्झीनवर दोन मिथाइल बसवले की झायलीन, ते शेजारी, एक सोडून किंवा समोरासमोर, तीन प्रकार. पॉलिस्टर कापडाला समोरासमोरचा म्हणजे पॅरा लागतो. पाषाणच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यासाठी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक तयार झाले, ज्यांची भोकं रेणूच्या मापाची असतात आणि सरळसोट पॅरा त्यातून पटकन निसटतो. विज्ञान दिनाच्या सुमारास एनसीएल लोकांना बघायला खुली असते, मावशीला घेऊन नक्की जा. बेन्झीन स्वतः मात्र कॅन्सरकारक आहे, पेट्रोलमधेही आता १ टक्क्याच्या आतच ठेवावा लागतो. पंपावर उगाच वास घेत उभं राहायचं नाही.

पर्वती_पायथा
वाचतोय सगळं, माहिती उत्तमच आहे. तरी माझा मुद्दा कायम आहे. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम घ्या. प्रोपीनला एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) जोडताना हायड्रोजन कुठे आणि ब्रोमीन कुठे, हे पाठच करावं लागतं. परीक्षेत तेच विचारतात.

खडूफळा
पर्वतीसाहेब, याच नियमावर बोलू. मार्कोव्हनिकॉव्हने १८७० च्या आसपास नियम मांडला तेव्हा कारण त्यालाही माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉनचाच शोध लागायचा होता. आज आपल्याला कारण माहीत असताना मुलांना १८७० मधे का ठेवायचं?

प्रोपीनमधे तीन कार्बन, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे डबल बॉन्ड. एचबीआरमधला हायड्रोजन धन, तो आधी त्या उघड्या इलेक्ट्रॉनांकडे येतो. तो टोकाच्या कार्बनवर बसला तर धन प्रभार मधल्यावर राहतो, आणि मधल्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनचे गट आहेत जे थोडे इलेक्ट्रॉन सरकवून त्याला सावरतात. तो मधल्यावर बसला तर प्रभार टोकाला, तिथे सावरायला एकाच बाजूचा आधार. पहिली वाट सोपी, म्हणून ब्रोमीन मधे बसतो, २-ब्रोमोप्रोपेन. पेरॉक्साइड असेल तर उलटं होतं, कारण तिथे आधी ब्रोमीनचा मूलक, म्हणजे एक हात मोकळा असलेला सुटा अणू, येऊन टोकाला बसतो. तर्क तोच, मधला कार्बन जास्त सावरलेला, फक्त आधी कोण आलं ते बदललं. एकच वाक्य समजलं की हा नियम, पेरॉक्साइडचा अपवाद आणि पुढच्या वर्षीच्या अल्कोहोल-हॅलाइडच्या कितीतरी रिअ‍ॅक्शन त्यातून निघतात. पाठ करणाऱ्याला प्रोपीन येतो, ब्युटीन दिलं की अडतो. ९० मिनिटं कमी आहेत म्हणूनच समजलेलं असायला हवं.

पाठ करायचं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. मेथ, इथ, प्रोप, ब्युट आणि पुढचे आकडे, क्रियात्मक गटांची नावं, कुठला कॅटॅलिस्ट, हे पाठ पाहिजे. ते एका पानात मावतं.

पर्वती_पायथा
सर, हे एवढं कुणी मुलाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता धाकटी दहावीत आहे, तिच्यासाठी धागा साठवून ठेवला.

खडूफळा
आता भाचीसाठी गृहपाठ. समघटकता कागदावर केल्याशिवाय येत नाही. रेणुसूत्र एकच, जोडणी वेगळी. ब्युटेनचे दोन, पेन्टेनचे तीन, हेक्झेनचे पाच, डेकेनचे ७५, आणि वीस कार्बनचे तीन लाख सहासष्ट हजारांच्या वर. पेन्टेनचे तीन बघ: सरळ साखळीचा ३६ अंशाला उकळतो, एक फांदी असलेला २८ ला आणि चारही बाजूंनी मिथाइल लावलेला नियोपेन्टेन साडेनऊला. फांद्या वाढल्या की रेणू गोल होतो, स्पर्श कमी, ओढ कमी. पुण्याच्या जानेवारीत बाटलीतला नियोपेन्टेन एखाद्या कडाक्याच्या पहाटे द्रव असू शकतो आणि दुपारी उकळून जाईल. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा सुद्धा फांद्यांवरच: २,२,४-ट्रायमिथाइलपेन्टेनला १०० धरलं आणि सरळ हेप्टेनला शून्य, कारण सरळ साखळी इंजिनात ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटते आणि ठोके येतात.

तू हेक्झेनचे पाच काढ आणि नावं लिही. पुस्तक बंद करून.

चाफेकळी
(भाची) सर, काढले. पण माझे सहा येतायत.
हेक्झेन, २-मिथाइलपेन्टेन, ३-मिथाइलपेन्टेन, २,२-डायमिथाइलब्युटेन, २,३-डायमिथाइलब्युटेन आणि २-इथाइलब्युटेन. शेवटचा पुस्तकात दिसत नाहीये, पण हात सगळे भरलेत, हायड्रोजन पण १४ च आहेत.

खडूफळा
शाब्बास, पहिले पाचही बरोबर. सहावा चुकीचा नाही, तो आधीच येऊन गेलाय. तुझा २-इथाइलब्युटेन समोर घे आणि बोट एका टोकावर ठेव. आडव्या चार कार्बनवरून सरळ जाऊ नकोस, लांबच्या टोकापासून निघ आणि दुसऱ्या कार्बनवर आलीस की इथाइलच्या फांदीत वळ. मोज, पाच कार्बन झाले. सगळ्यात लांब साखळी सरळ रेषेत काढलेली असायलाच हवी असं नाही, ती वळणातही असते. पाचची साखळी, मधल्या म्हणजे तिसऱ्यावर एक मिथाइल उरला. तोच तुझा ३-मिथाइलपेन्टेन. म्हणून नाव देताना आधी सगळ्या टोकांपासून सगळ्या टोकांपर्यंत बोट फिरवायचं आणि मगच आकडे घालायचे.

आता हेप्टेनचे नऊ काढ. त्यात इथाइलची फांदी खरोखर टिकणारा एक आहे, ३-इथाइलपेन्टेन, तिथे कुठूनही मोजलंस तरी पाचच येतात. आणि नऊपैकी दोन असे सापडतील की त्यांच्या एका कार्बनवर चारही गट वेगवेगळे आहेत. ते दोन कुठले ते शोध, त्यांचे बटाटे कर आणि आरशासमोर धरून बघ. काय दिसतं ते इथे लिही, मग पुढचं सांगतो.